पुढे सरकवलेला पेला

नोएल, रिया,

गेल्या रविवारी तुमच्याशी व्हिडिओवर बोलता बोलता मी मध्येच उठून गेले. नंतर तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं की रिबेकाबाई गेल्या, म्हणून आजी रडत होती. त्यावर रियाने विचारलं म्हणे, "त्या कोण?" हा प्रश्न मला आठवडाभर टोचतो आहे. तुमच्या आईला या जगात सगळ्यांत आधी ज्या हातांनी धरलं, ते हात कोणाचे होते हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. सांगायचं काम माझं होतं. म्हणून हे लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, सावकाश वाचा.

रिबेकाबाई अमरावतीच्या मिशनच्या दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर होत्या. बुटक्या, रुंद हाडाच्या, तिवस्याकडच्या. चष्म्याची एक काडी नेहमी दोऱ्याने बांधलेली. "नवी बसवून घ्या ना," म्हटलं की म्हणायच्या, "दिसते नं याच्यातून? मंग?" इतकी वर्षं अमरावतीत राहून, डॉक्टरांच्या इंग्रजीत वावरून त्यांची बोली तसूभर बदलली नव्हती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. माझी मराठी ऐकून त्या वॉर्डातल्या मुलींना सांगायच्या, "सुधाबाई बोलल्या का मले वाटते, रेडिओ लागला." त्यांनी लग्न केलं नाही. चर्चच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आणि दारात पेरूचं एक झाड, एवढा त्यांचा संसार.

तुमच्या आईच्या वेळी मी फार घाई केली. पहिलटकरीण होते आणि कुठलीही गोष्ट ठरल्या वेळेला व्हावी अशी माझी सवय. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख उलटून चार दिवस झाले तेव्हा मी बॅग घेऊन दवाखान्यात जाऊन बसले. रिबेकाबाईंनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "घरी जा."

"पण तारीख उलटून गेली आहे."

"तारीख तुमाले सांगतली हाये. लेकराले कोनी सांगतली?"

मी घरी गेले नाही. व्हरांड्यात बसून राहिले. तिथे धामणगाव रेल्वे या गावची एक सून आली होती, आणि तिची सासू सगळा वॉर्ड डोक्यावर घेत होती. 'इंजेक्शन द्या, काढा लवकर, आमची गाडी आहे पाचची.' रिबेकाबाईंनी त्या सासूला खुर्ची दिली, खोबरेल तेलाची बाटली हातात दिली आणि सुनेचे पाय तिच्या मांडीवर ठेवले. "चोळा. तुमी जेवढं चोळान तेवढं लवकर होईन." बाई दीड तास सुनेचे पाय चोळत बसली, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. नंतर मी विचारलं, "पाय चोळून खरंच लवकर होतं का?" रिबेकाबाई हसल्या. "लेकरू त्याच्या वक्तालेच येते. पन सासूचं तोंड बंद झालं का नाई?"

तुमची आई त्यानंतर दोन दिवसांनी झाली.

मंडळीत त्यांचं एक ठरलेलं काम होतं. आपल्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत पोळीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला, तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. त्याची तयारी रिबेकाबाई करायच्या. शुक्रवारी काळ्या मनुका निवडून भिजत घालायच्या, शनिवारी मंद आचेवर शिजवायच्या आणि मलमलच्या फडक्यातून रस गाळायच्या. फडकं पिळायचं नाही असा त्यांचा नियम. टांगून ठेवायचं, थेंब थेंब पडू द्यायचं. मी एकदा मदतीला गेले आणि फडकं पिळलं. रस गढूळ झाला. त्यांनी तो सगळा पेरूच्या बुंध्याशी ओतला आणि पुन्हा मनुका निवडायला बसल्या. पिळलेल्या रसात गाळ उतरतो, हे मला त्या दिवशी कळलं. बेखमीर पोळी त्याच भाजायच्या, बारीक चौकोन त्याच कापायच्या, काचेचे इवलेसे पेले गरम पाण्यातून काढून लाकडी तबकात त्याच मांडायच्या. रविवारी ते तबक बाकांवरून हातोहात फिरायचं. रिबेकाबाई स्त्रियांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, कडेला बसायच्या.

आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की तबक त्यांच्यापाशी आलं, त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, आणि पेला न उचलता पुढे सरकवलं.

पुढच्या महिन्यातही तसंच. त्याच्या पुढच्याही. मी तेव्हा महिला मंडळाची चिटणीस होते. कोण आलं, कोण नाही, कोणाला काय अडचण, हे मला माहीत असायला हवं असं मला वाटायचं. मी विचारलं. त्या पेले पुसत होत्या.

"शास्त्रात काय सांगतलं हाये? वेदीपाशी आला अन् आठवलं का भावाच्या मनात आपल्याबद्दल काई हाये, तर दान तिथंच ठेव, आंदी त्याच्यापाशी जा. माह्या बहिनीच्या मनात हाये."

"मग जा ना तिच्याकडे."

"गेली होती," त्या म्हणाल्या. "आता तिची वेळ हाये."

ही गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. इथे सलग सांगते.

लिली त्यांची धाकटी बहीण. तीही सिस्टर, अकोल्याच्या एका दवाखान्यात. तिथे साप चावलेला एक तरुण आला. अकोल्याच्या जुन्या शहरातलं माळ्याचं घर, गावाबाहेर शेवंती-झेंडूचा मळा. तो वाचला आणि लिलीने त्याच्याशी लग्न केलं. हिंदू घरात गेली म्हणून वडिलांनी, बाबूजींनी, घराचं दार बंद केलं. रिबेकाबाई तेव्हा वडिलांच्या बाजूने उभ्या राहिल्या. वीस वर्षं बाप-लेकीची भेट नव्हती.

मग तिवस्याला बाबूजींना अर्धांगाचा झटका आला. रिबेकाबाई रजा घेऊन शुश्रूषेला गेल्या. दुसऱ्या दिवशी वाचा थोडी सुटली तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं, "लिली आली का?" रिबेकाबाईंनी आपल्या शहाणपणाने विचार केला. रक्तदाब चढलेला आहे; इतक्या वर्षांनी ती समोर आली, रडारड झाली तर झेपणार नाही. दाब उतरू दे, मग फोन करू. बाबूजी रोज विचारायचे, त्या रोज म्हणायच्या, "येऊन राहिली." आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी बाबूजी गेले.

लिली पोहोचली तेव्हा माती देऊन झाली होती. कबरस्तानाच्या फाटकात तिने बहिणीला एकच विचारलं, "त्यानं माह्यं नाव घेतलं का?"

रिबेकाबाईंना या वेळी खोटं बोलता आलं नाही. म्हणाल्या, "रोज."

लिली तिथूनच वळली. त्यानंतर ती बहिणीशी बोलली नाही.

रिबेकाबाईंनी तिला चिठ्ठी लिहिली, उत्तर नाही. फोन केला, ती फोनवर आली नाही. एकदा अकोल्याला गेल्या, मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या त्या गल्लीत दुपारभर उभ्या राहिल्या. दार उघडलं नाही. त्या परत आल्या आणि त्यांनी पेला घेणं थांबवलं. पाळकसाहेबांनी समजावलं की तुम्ही क्षमा मागितली आहे, तुमच्याकडून पूर्ण झालं आहे, देवाने तुम्हाला क्षमा केलेली आहे, तुम्ही घ्या. त्यांचं उत्तर ठरलेलं. "देवानं केली, मले मालूम हाये. पन मी देवाले तर नोतं नं थांबवलं. लिलीले थांबवलं. तिची दया आली का घेईन."

मी एकदा म्हटलं, पुन्हा जा, पुन्हा विचारा. तर म्हणाल्या, "एकदा चिठ्ठीनं मागतली, एकदा दारात मागतली. तिसऱ्यांदा मागनं म्हंजे तिच्या मानगुटीवर बसनं. दया अशी वसूल नाई करता येत, बाई."

याचा अर्थ त्या हात बांधून बसल्या होत्या असं नाही. दर नाताळला एक डबा अकोल्याला जायचा. करंज्या, अनारसे, केकचे चार तुकडे. जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाच्या तरी हाती. निरोप नाही, चिठ्ठी नाही. डबा कधी परत आला नाही. मला वाईट वाटायचं. त्यांना उलट बरं वाटायचं. "फेकाचा असता तर दारातच फेकला असता नं? ठेवून घेतला!" आणि पुढच्या नाताळला बाजारातून नवा स्टीलचा डबा यायचा.

सोमवारी दुपारी स्त्रियांचा शास्त्राचा वर्ग असायचा. तो निवृत्तीनंतर त्याच घ्यायच्या. त्यांच्या तोंडून शास्त्र ऐकणं म्हणजे तिवस्याच्या बसस्टँडवर घडलेली हकिगत ऐकणं. अडतीस वर्षं तळ्याकाठी पडून राहिलेल्या माणसाची गोष्ट त्या इतक्या वेळा सांगायच्या की आम्ही हसायचो. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होणार, आणि याला उतरवायला कोणी नाही. दर वेळी दुसराच कोणी पुढे. "लाइनीत घुसनारे तवा बी होते," असं त्या त्यात घालायच्याच. एकदा एका नव्या सुनेने विचारलं, "मावशी, येशूनं त्याले बरंच कराचं होतं तर अडतीस वर्षं काहून थांबला? पयल्याच वर्षी काहून नाई आला?"

माझ्याकडे या प्रश्नाची चार पुस्तकी उत्तरं होती, आणि मी घसा खाकरलाही होता. रिबेकाबाई म्हणाल्या, "मले मालूम नाई. मी काय तिथं होती?" आणि पुढे, "पन तो मानूस जागा सोडून गेला नाई, एवढं मालूम हाये. येशू आला तवा तो तिथंच होता. गेला असता तर?"

लाजरच्या गोष्टीला मात्र त्या अडायच्या. येशूला निरोप गेला की तुझा मित्र आजारी आहे, तरी तो दोन दिवस होता तिथेच राहिला आणि पोहोचला तेव्हा लाजरला कबरेत चार दिवस झाले होते; मग त्याने त्याला जिवंत उठवलं. त्या दोन दिवसांपाशी आल्या की रिबेकाबाई चष्मा काढायच्या. "तो थांबू शकते," म्हणायच्या, "त्याले उठवता येते. आपल्याले नाई येत. म्हनून आपन थांबू नये." हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. मुलांनो, मी ते माझ्या वहीत लिहूनही घेतलं होतं.

अशी एकोणीस वर्षं गेली.

परवाच्या नाही, त्याआधीच्या नाताळात रिबेकाबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून डबा राहिला. फेब्रुवारीत मला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला अकोल्याला जायचं होतं. त्यांनी काठी टेकत डबा आणून दिला. "फराळ शिळा नाई, परवाच केला. नाताळ शिळा झाला, तेवढं चालवून घ्या."

लग्न आटोपून मी जुन्या शहरात गेले. गल्ली अरुंद, रिक्षा बाहेरच सोडावी लागली. दार लिलीबाईंच्या सुनेने, मंगलाने उघडलं. आत खाटेवर लिलीबाई पाठीला उशा लावून बसल्या होत्या. पाय सुजलेले, श्वास लागत होता, आणि मांडीवर सुपात शेवंती. बोलता बोलता हात हार ओवतच होते. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा-सून फुलांचं दुकान चालवत होते. माझी नजर भिंतीकडच्या फळीवर गेली. तिथे स्टीलचे डबे एकावर एक रचलेले होते. मी मोजले नाहीत, पण ओळखले.

"तिनं पाठवलं?" लिलीबाईंनी विचारलं.

"हो. या वेळी उशीर झाला."

"तिले उशिराची सवयच हाये." टोमणाच होता तो. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बाई, दोन म्हैने झाले, मी या खाटंवर हावो. पडल्या पडल्या इचार येते. मी बी आता आजारीच हावो नं? कोनाले बोलवावं, कोनाले नाई, हे पोरगा-सूनच ठरवते. डॉक्टरनं सांगतलं, जास्त मानसं नोको. ते माह्या भल्याचंच करून राहिले. तवा समजलं, तिनं बी बाबूजीच्या भल्याचंच केलं असन. चुकलं तिचं. पन वाईट मनानं नाई केलं." श्वास घ्यायला थांबल्या. "तिले सांगा, माह्या मनात आता काई नाई. ये म्हना."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मला अपार आनंद झाला, आणि त्या आनंदात मी व्यवस्था लावू लागले. ईस्टरला सहा-सात आठवडे होते. उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: ईस्टरची सकाळ, पांढऱ्या फुलांनी सजलेलं चर्च, मी गाडीतून लिलीबाईंना आणते, त्या तिसऱ्या बाकावर बहिणीशेजारी बसतात, तबक येतं, आणि एकोणीस वर्षांनी रिबेकाबाई पेला उचलतात. पुनरुत्थानाच्या दिवशी, सगळ्या मंडळीसमोर. देवाने ही वेळ त्याचसाठी राखली होती असं मला मनापासून वाटलं.

मी ते लिलीबाईंना सांगितलं. "तोवर मी त्यांना काही कळू देत नाही. मी स्वतः गाडी घेऊन येईन तुम्हाला न्यायला."

"एवढं कायले लांबवता? फोन लावा नं आत्ताच."

"फोनवर काय मजा, लिलीबाई? इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडे दिवस."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुमी शिकलेल्या बाया! बरं. होऊ द्या तुमच्या मनासारखं." आणि सूप परत मांडीवर घेतलं.

घरी आल्यावर रिबेकाबाईंनी विचारलं, "ठेवून घेतला?" मी म्हटलं, "घेतला." "काई बोलली?" मी म्हटलं, "तब्येत जरा नरम आहे, बाकी ठीक." त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता म्हटलं. मग मी पाळकसाहेबांना विश्वासात घेतलं, गाडी सांगून ठेवली, गायनमंडळाला गीत निवडायला लावलं. डायरीत सगळं ओळीने लिहिलं होतं.

ईस्टर दहा दिवसांवर असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी लिलीबाईंच्या मुलाचा फोन आला. पहाटे दवाखान्यात नेताना वाटेतच. "मावशीले तुमी सांगता, का मी सांगू?"

मी म्हटलं, मी सांगते.

रिबेकाबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मी आधी मृत्यू सांगितला. त्यांनी ताट खाली ठेवलं. मग मी बाकीचं सांगितलं. न सांगता चाललं असतं, नोएल. मंगला आणि पाळकसाहेबांखेरीज ते कोणाला माहीत नव्हतं. पण मला ते पोटात ठेवता आलं नाही. सगळं सांगितलं, ईस्टर, गाडी, गीत, सगळं.

"काय म्हनली ती? तिच्या शब्दात सांगा."

मी सांगितलं.

"कवा म्हनली?"

"फेब्रुवारीत. पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे." त्यांनी बोटं पदरात गुंडाळली. "अन् अकोला दोन तास."

मी काहीतरी बोलू लागले. त्यांनी हात वर केला. "म्या बाबूजीसाठी आठ दिवस लावले. तुमी पाच आठवडे. तुमचं बी वाईट मनानं नाई, मालूम हाये मले. आता जा तुमी, सुधाबाई. माह्यासमोर नका बसू."

त्या एकट्या एसटीने अकोल्याला गेल्या. मी गाडी देऊ केली होती. तीच गाडी, सांगून ठेवलेली.

गुड फ्रायडेला संध्याकाळी परत आल्या, आणि मनुका भिजत घातल्या. ईस्टरच्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसल्या. लिलीबाईंचा निरोप तोवर सगळ्या मंडळीला कळला होता. सगळ्या बायका वळून वळून बघत होत्या. तबक त्यांच्यापाशी आलं. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, आणि पुढे सरकवलं. उपासनेनंतर पाळकसाहेब त्यांच्याजवळ गेले. मी मागेच होते.

"आता काय राहिलं, रिबेकाबाई? बहिणीने तर क्षमा केली."

"तिचं झालं," त्या म्हणाल्या. "आता दुसरं हाये. आता माह्या मनात हाये."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तीनदा त्यांच्या दारी गेले. एकदा चिठ्ठी लिहून नेली, चार पानं. त्यांनी म्हटलं, "ठेवा तिथं." तिसऱ्या वेळी माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हीच आम्हाला शिकवता ना, साताच्या सत्तर वेळा क्षमा करावी?"

"शिकवते," त्या म्हणाल्या. "देव लवकर करते. मले वेळ लागते. खोटं खोटं करून तुमाले देऊ का?"

पावसाळ्यात त्या अकोल्याला मंगलाकडे राहायला गेल्या. ते मलमलचं फडकं तेवढं प्रभुभोजनाची तयारी करणार होती त्या नव्या मुलीला दिलं, बाकी सगळं दोन ट्रंकांत घालून नेलं. निरोपाला मंडळी जमली होती. मी कुंपणाशी उभी होते. मला त्यांनी "सलाम" केला, जसा सगळ्यांना केला.

डिसेंबरच्या सुरुवातीला, कुणालाही न सांगता, मी अकोल्याला गेले. ती आमची शेवटची भेट.

त्या लिलीबाईंच्या खाटेजवळ, खाली चटईवर बसल्या होत्या. समोर शेवंतीचा ढीग. पिवळी, पांढरी. मंगला दारात गिऱ्हाईक करत होती. देवळात जाणारे हार आहेत हे, असं एके काळी त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. मला पाहून त्यांनी चष्मा वर केला. काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली.

"अजून नाई झालं माह्याच्यानं, सुधाबाई," त्या म्हणाल्या. आणि सुईदोरा बाजूला घेऊन चटईवरची फुलं हाताने सरकवली. "पन बसा."

मी बसले. त्यांनी मला एक सुई ओवून दिली. आम्ही दोन तास हार केले. त्या मधूनच बोलत होत्या. मंगलाला मीठ कमी लागतं, मोर्णेला यंदा पाणी होतं, तुमची आई कशी आहे, तिची पोट्टी मराठी बोलतात का. मी म्हटलं, थोडं थोडं. "बोलू द्या थोडं थोडं," त्या म्हणाल्या. लिलीबाईंचं नाव दोघींनीही काढलं नाही.

गाडीची वेळ झाली तेव्हा मी उठले आणि विचारलं, "पुन्हा येऊ का?"

"या."

मी पर्समधून डायरी काढली. "नाताळनंतर, पहिल्या आठवड्यात? की संक्रांतीनंतर सोयीचं पडेल?"

त्यांनी मान वर केली नाही. "तारीख नका लिहू, सुधाबाई. यावं वाटन तवा या."

मी डायरी बंद केली. पण रस्त्यात, रिक्षात बसल्यावर, मी ती पुन्हा उघडून संक्रांतीनंतरचा एक दिवस लिहिला. तो दिवस पुढल्या आठवड्यात आहे.

गल्लीच्या तोंडाशी मी वळून पाहिलं होतं. दार उघडंच होतं. त्यांनी मी ओवलेला हार मांडीवर घेतला होता. फुलं वाकडीतिकडी बसली होती, मला ते काम येत नाही. एकेक शेवंती त्या दोऱ्यातून अलगद काढत होत्या, पाकळी दुखावणार नाही अशी, आणि परत ओवायला शेजारी ठेवत होत्या. एकही टाकली नाही.

तुमची,
आजी